लशीविषयीचे प्रवाद आणि व्यापाऱ्याची पत

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, कर, कायदे आणि वजनमापे या विषयांवरील लेख दरवर्षी येतात व ते यावेतच. यंदा मात्र संपादक मंडळाच्या संमतीने आम्ही थोडा निराळा विषय हाती घेतला आहे. रोगप्रतिबंधक लशींविषयी जे नाना प्रवाद पसरतात त्यांचे मूळ कशात आहे, आणि त्यांवर विश्वास ठेवणाऱ्या आपल्याच माणसांशी कसे बोलावे, हा तो विषय होय. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढील सारे आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक धान्याच्या व्यापारात गेलेले. तेव्हा वैद्यकशास्त्राचे अंतिम वचन या लेखात कोणी शोधू नये. परंतु अफवा कशी जन्मते, कशी चालते आणि कशी मोडते, हे व्यापाऱ्याइतके जवळून दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिले असेल. त्या अनुभवाच्या आधारे चार शब्द लिहीत आहोत.

२०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्ली व उत्तर प्रदेशातील शहरांत मिठाचा तुटवडा पडणार अशी आवई एका सायंकाळी उठली. देशात मीठ मुबलक होते, तरी लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या आणि किलोला दोनशे रुपये व त्याहूनही अधिक मोजले. हे सारे मूर्ख होते काय? नव्हे. तीनच दिवसांपूर्वी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या, मन धास्तावलेले होते, आणि उद्या काय होईल हे सांगणाऱ्या कोणावरच भरवसा उरला नव्हता. अफवेस माल लागत नाही; तिचे सारे भांडवल अविश्वासाचे असते. लशीविषयीच्या प्रवादांसही हाच नियम लागू पडतो, असे आमचे मत आहे.

रोग दिसेनासा झाला की सुईच दिसते

लशीचा इतिहास आणि लशीविषयीच्या प्रवादांचा इतिहास ही जुळी भावंडे होत. इंग्लंडातील एडवर्ड जेन्नर या वैद्याने १७९६ साली गाईच्या देवीची लस एका मुलाच्या दंडात टोचली व तिने माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवून दिले. १४ जून १८०२ रोजी ही लस मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिली यशस्वी टोचणी. त्याच १८०२ साली लंडनमध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने, लस घेतलेल्या माणसांच्या नाकातोंडांतून व दंडांतून गाई उगवत आहेत, असे चित्र प्रसिद्ध केले. म्हणजे लस आणि लशीची धास्ती यांनी प्रवास बरोबरीनेच केला.

आपल्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान सर्वांच्या परिचयाचे आहे. सकाळी तेथे फिरावयास जाणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांस त्या नावाचा उगम ठाऊक असेल याची शंकाच आहे. तेथे वासरांपासून देवीची लस तयार होऊन मुंबई इलाख्यात पाठविली जात असे. आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचे व्रण आहेत. आमच्या नातवंडांच्या दंडावर ते नाहीत, कारण तो रोगच उरला नाही. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

यातच एक अडचण दडलेली आहे. ज्या आईने घटसर्पाने गुदमरलेले मूल पाहिले आहे, तिला सुईचे भय वाटत नाही. जिने तो रोग कधी पाहिलाच नाही, तिला मुलाचे रडणे आणि रात्रीचा ताप तेवढा दिसतो. लशीचे यश हेच लशीविषयीच्या संशयाचे एक कारण होऊन बसते. म्हणून नातवंडांच्या आईबापांस नावे ठेवण्यापूर्वी वडील मंडळींनी आपण पाहिलेल्या रोगांच्या हकिकती त्यांस सांगाव्यात.

प्लेग आणि सोजिराचा बूट

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, जेथे धान्याच्या वखारी दाटीने उभ्या होत्या, तेथे गाठीच्या प्लेगाचे पहिले निदान झाले. ते करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांस सरकारने पाचारण केले. त्यांनी अवघ्या काही महिन्यांत प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर त्यांनी आपला माल आधी आपल्या घरी शिजवून खाल्ला.

लोकांची धास्ती मात्र यापूर्वीच जागी झाली होती. इस्पितळात रोग्यास मारून त्याच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा मुंबईत पसरली होती, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. पुढे १८९७ साली पुण्यात घरोघर झडत्या घेण्यासाठी गोऱ्या सोजिरांची नेमणूक झाली. माजघरांची व देवघरांची विटंबना झाली, आणि त्या संतापातून २२ जून रोजी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ज्या सरकारचा सोजीर देवघरात बूट घालून शिरतो, त्याच सरकारची सुई आपल्या हिताची आहे असे लोकांनी कशावरून मानावे? मोमियाईची कथा खोटी होती. तिच्यामागचा अविश्वास मात्र खोटा नव्हता. हे दोन वेगळे करता आले पाहिजेत. तेवढे साधले तर पुढील संभाषणाची अर्धी वाट सरली असे समजावे.

एका बाटलीची हकिकत

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांस प्लेगाची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढील चौकशीत व वादात असे दिसून आले की, बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत बनलेल्या लशीत असल्याचे सिद्ध झाले नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये मुंबईच्या त्या प्रयोगशाळेस त्यांचेच नाव देण्यात आले.

शंभराहून अधिक वर्षांनी पॅसिफिक महासागरातील सामोआ या लहानशा बेटांच्या देशात जवळजवळ हेच घडले. २०१८ साली गोवराच्या लशीच्या भुकटीत पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि दोन अर्भके मृत्यू पावली. लस निर्दोष होती. मिसळणाऱ्या हाताची ती चूक होती. परंतु लसीकरण काही महिने थांबले, लोकांच्या मनातून लस उतरली, आणि प्रवाद पसरविणाऱ्यांस मोकळे रान मिळाले. २०१९ साली तेथे गोवराची साथ आली व ८३ माणसे दगावली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. दोन मृत्यूंच्या भीतीने ऐंशीहून अधिक मृत्यूंस दार उघडून दिले.

धान्याच्या हजार पोत्यांत एका पोत्यास ओल लागते, हे आपणांस ठाऊक आहे. त्यावरून सारी वखार कुजली असे म्हणणारा खोटे बोलतो. आणि आमच्या वखारीत कधी ओल लागतच नाही असे म्हणणाराही खोटेच बोलतो. खरा व्यापारी ते पोते शोधतो, बाजूस काढतो आणि गिऱ्हाइकास तसे सांगतो. कोविशील्ड लशीमुळे क्वचित एखाद्यास रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे २०२१ साली आढळून आले. युरोपातील अनेक देशांनी ती काही काळ थांबविली, आणि आपल्या केंद्र सरकारच्या समितीने त्या वर्षीच्या मे महिन्यात दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके प्रमाण जाहीर केले. हे कोणी लपविले असते तर तो कट ठरला असता. जे मोजून छापले गेले, त्यास कट म्हणता येत नाही.

जुना माल, नवे पोते

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात प्लेगाच्या लशीविषयी ज्या अफवा पसरल्या, त्यांची नोंद उपलब्ध आहे. सुई हातभर लांब असते; टोचताच माणूस मरतो, किंवा सहा महिन्यांनी कोसळतो; पुरुषांचे पुरुषत्व जाते आणि स्त्रिया वांझ होतात, असे तेव्हा लोक म्हणत. वाचकांनी हे पुन्हा एकदा वाचावे. उत्तर प्रदेश व बिहारात पोलिओच्या थेंबांविषयी हेच ऐकू आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, गोवा व तामिळनाडू या राज्यांत गोवर-रुबेला लशीची मोहीम सुरू झाली, तेव्हा पालकांच्या व्हॉट्सॲपवर भीतीचे संदेश फिरले. २०२१ मध्ये करोनाच्या लशीविषयी पुन्हा वांझपणाचीच बोलवा उठली. रोग निराळा, लस निराळी, शतक निराळे. प्रवाद मात्र तोच. हा जुना माल नव्या पोत्यात भरून येतो, म्हणून ताजा वाटतो.

पोलिओच्या प्रसंगी या अफवेस एक खरे बीज होते. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या व त्यांत पुष्कळ ठिकाणी जबरदस्ती झाली. ज्या वस्तीने ते दिवस पाहिले, तेथे सरकारी माणूस फुकट औषध घेऊन घरी आला तर संशय येणे अस्वाभाविक नव्हते. शिवाय लोक विचारीत : गटार नाही, दवाखाना नाही, तापाची गोळी मागितली तर मिळत नाही, मग हे दोन थेंबच तेवढे दर महिन्यास दारात का येतात? प्रश्न चोख होता.

त्याचे उत्तर धमकीने मिळाले नाही. त्याच वस्तीतील स्त्रियांस घरोघर बोलण्यासाठी नेमले गेले, मौलवींनी व विद्यापीठांतील मंडळींनी साथ दिली, आणि थेंबांबरोबर इतर आजारांवरील उपचारांची शिबिरे भरविली गेली. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. थेंब तेच होते. बदलला तो थेंब घेऊन येणारा माणूस.

कावळा, फांदी आणि मुदत उलटलेली हुंडी

कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडते. गोवराची लस मूल साधारण एक-दीड वर्षाचे असताना दिली जाते, आणि स्वमग्नतेची लक्षणेही पुष्कळदा त्याच वयात आईबापांच्या ध्यानी येतात. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड या इंग्रज डॉक्टराने अवघ्या बारा मुलांच्या आधारे या दोहोंचा संबंध सुचविणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने उघडकीस आणले की, लसउत्पादकांविरुद्ध दावे लावणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते. २०१० साली नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्याची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची पाहणी होऊन २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही. बारा दाण्यांचा नमुना घेऊन साऱ्या वखारीचा भाव ठरविणारा दलाल आपल्या पेठेत किती दिवस टिकेल?

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. मे २०२१ मध्ये एक संदेश देशभर फिरला : करोनाची लस घेतलेले सर्वजण दोन वर्षांत मरणार, असे नोबेल पारितोषिक विजेते फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक मोंतान्ये म्हणतात. लशींविरुद्ध त्यांनी इतर काही विधाने केली होती खरी, परंतु हे विधान त्यांचे नव्हते. आता ती हुंडी २०२३ साली पिकावयाची होती. भारतात १६ जानेवारी २०२१ पासून १७ जुलै २०२२ पर्यंत दोनशे कोटी मात्रा दिल्या गेल्या. मुदत उलटून गेली, पेठ गजबजलेलीच आहे. परंतु प्रवाद पसरविणारा कधी दिवाळखोर ठरत नाही. जुनी हुंडी बुडाली की तो नवी काढतो. म्हणून मुलांस व सुनांस आधीच एक कसोटी शिकवून ठेवावी. संदेशावर तारीख आहे काय? कोणी, कोठे, केव्हा म्हटले याचा पत्ता आहे काय? आणि ‘हे सर्वांना पाठवा’ अशी घाई आहे काय? तारीख नाही, सही नाही, पेढीचा पत्ता नाही, अशी हुंडी आपण वटवू काय? अमेरिकेतील विल्यम मॅक्ग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हाच विचार मांडला होता. खोट्या युक्तिवादाचा सौम्य नमुना व त्याचे उत्तर माणसास आधी दाखवून ठेवले, तर पुढे तो सहजी फसत नाही. ही मनास टोचलेली लसच होय.

‘सारा औषध कंपन्यांचा कट आहे,’ असे सुशिक्षित तरुण म्हणतात. कंपन्या नफा मिळवितात हे खरे आहे. नफा आपणही मिळवितो. नफा म्हणजे लबाडी नव्हे, आणि लबाडी पकडण्यासाठी मापे तपासणारे निरनिराळे हात लागतात. करोनाच्या काळात अमेरिका, रशिया, चीन, क्यूबा आणि भारत या सर्वांनी आपापल्या लशी बनविल्या. यांपैकी कित्येक परस्परांचे वैरी. प्रतिस्पर्ध्याची लस निव्वळ विष असती, तर ते दाखवून देण्याची संधी कोणी सोडली असती? आपल्या पेठेत चार अडत्यांचे एका भावावर एकमत होत नाही. मग साऱ्या जगाच्या गुप्त एकमताची कल्पना कितपत संभवनीय वाटते?

आपल्या घरांतील एक प्रश्न

आपल्या समाजात विशेषेकरून ऐकू येणारी शंका निराळी आहे : लशीत प्राणिज पदार्थ असतो काय? या प्रश्नास प्रवाद म्हणून हिणवू नये. तो व्रतस्थ मनाचा प्रश्न आहे. जून २०२१ मध्ये, कोव्हॅक्सिनमध्ये वासराचे रक्तद्रव्य आहे, असा गवगवा झाला. केंद्र सरकारने खुलासा केला की, ज्या पेशींवर विषाणू वाढवितात त्या पेशींच्या वाढीसाठी नवजात वासराचे रक्तद्रव्य वापरतात, नंतर पेशी धुतल्या जातात, आणि तयार लशीत ते नसते. म्हणजे ‘लशीत वासराचे रक्त आहे’ हे खोटे. परंतु ‘त्याचा कोठे संबंधच नाही’ हेही खरे नव्हे. काही लशींत जिलेटिन असते, काहींत नसते. व्रत पाळणाऱ्या भगिनीने विचारले, तर पूर्ण हकिकत सांगावी व डॉक्टरांकडे चौकशी करून द्यावी. अर्धे सत्य सांगून मिळविलेली संमती पुढे सारी पत घालविते. निर्णय तिने आपल्या विवेकाने व गुरुजनांच्या सल्ल्याने घ्यावा. मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगावे : गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्यांमध्ये, बारा ते अठरा जणांस रोग देऊ शकतो. त्यांत शेजारचे तान्हे मूलही असू शकते.

बोलावे कसे

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या वखारीतील एका जुन्या हमालाने लस घेण्याचे नाकारले. चारचौघांत न विचारता आम्ही त्यास दुपारी एकटे बसवून विचारले, “तुला नेमकी कशाची धास्ती वाटते?” तो म्हणाला, “शेठ, सुई घेतली की दोन वर्षांत माणूस जातो म्हणतात. माझ्या दोन पोरी अजून उजवायच्या आहेत.” थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, “आणि ताप आला तर तीन दिवसांची हमाली बुडते.” पहिल्या शंकेवर आम्ही युक्तिवाद केला नाही. आम्ही स्वतः लस घेतली आहे, आम्हांस दोन दिवस ताप आला होता, हे सांगितले. आणि तीन दिवसांची मजुरी देण्याचे कबूल केले. मग त्यास आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे नेले. तिने त्याच्या प्रश्नांस न चिडता उत्तरे दिली. तिसऱ्या आठवड्यात तो आपण होऊन गेला. त्याच्या पत्नीने मात्र शेवटपर्यंत लस घेतली नाही. सर्वच गिऱ्हाइके पटत नाहीत. तरी दुकान उघडे ठेवावे लागते.

या व अशा अनुभवांवरून काही गोष्टी आमच्या मनात ठरल्या आहेत, त्या येथे देतो.

१. आधी ऐकावे. ‘कटा’च्या कथेखाली बहुधा साधी, घरगुती भीती असते : मुलाची, मजुरीची, अब्रूची. ती कळल्यावाचून दिलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे असते.

२. खरे असेल ते प्रथम मान्य करावे. २०११ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने पाकिस्तानात लसीकरणाच्या मिषाने ओसामा बिन लादेनचा माग काढण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प २०१० साली थांबविण्यात आला. तेथील मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसून आला नाही, परंतु संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष आढळले आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. या गोष्टी नाकारणारा माणूस पुढे खरे बोलला तरी कोणी ऐकत नाही.

३. सांगण्यापूर्वी परवानगी घ्यावी. “मला जे कळले ते सांगू का?” एवढ्या एका वाक्याने समोरचा माणूस सावरून बसतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात बाळंतिणींशी परिचारिकांनी अशा रीतीने संवाद साधला, आणि मुलांस लस देण्याकडे त्यांचा कल वाढला.

४. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, तीही थोडक्यात. अमेरिकेतील पालकांवरील २०१४ च्या एका पाहणीत असे दिसले की, पुरावे पुढे मांडल्यावर पालकांचा गैरसमज कमी झाला, परंतु लशीविषयी जे सर्वांत साशंक होते त्यांची लस देण्याची इच्छा उलट घटली. हरल्याची बोच सत्याहून बलवत्तर ठरते.

५. चारचौघांत पाणउतारा करू नये. कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर भाच्याने खोटा संदेश टाकला, तर सर्वांसमोर त्यास मूर्ख ठरविण्यापेक्षा सायंकाळी फोन करावा. माघार घेण्यास जागा ठेवली तरच माणूस माघार घेतो.

६. प्रकृतीचा प्रश्न डॉक्टरांवर सोपवावा. ज्यास पूर्वी एखाद्या लशीची तीव्र वावडी झाली आहे, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती आजारामुळे क्षीण आहे, त्याची भीती हा प्रवाद नव्हे. त्याने वैद्यकीय सल्ला घेणेच योग्य.

आता अखेरचा मुद्दा. हे काम व्यापाऱ्यानेच का करावे? कारण पत म्हणजे काय हे तो जाणतो. आपल्या वखारींत हमाल, मापाडी, गाडीवान आणि त्यांची कुटुंबे यांचा रोजचा संबंध येतो. दिल्लीच्या परिपत्रकापेक्षा शेठजींच्या शब्दावर ते अधिक विसंबतात, कारण आपले माप त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. ही पत केवळ उधारीसाठी नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. ज्या वस्त्यांत लसीकरण मागे पडले होते, तेथे तिचा जोर अधिक होता. अशी वेळ आपल्या गावावर येण्याची वाट पाहू नये.

तेव्हा मंडळाच्या सभासदांस आमची विनंती एवढीच आहे. आपल्या नोकरांच्या मुलांची लसीकरणाची पुस्तिका पुरी आहे काय, हे यंदा एकदा आपुलकीने विचारावे. लशीच्या दिवशी त्या आईबापांस भरपगारी सुटी द्यावी. ज्याच्या मनात शंका आहे त्यास बसावयास पाट द्यावा, चहा द्यावा आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. मग आपणांस ठाऊक असलेले खरे, तोलून-मापून, त्याच्या पदरात घालावे; ना छटाकभर अधिक, ना छटाकभर उणे.